परत मागितलेलं वाण

शिवगंगाबाईंना मोकळी जमीन बघवत नसे. रिकामं कुंपण, शाळेच्या मैदानाचा बोडका कोपरा, रस्त्याकडेचा मुरूम, काहीही उघडं दिसलं की त्यांचा हात पदराच्या गाठीकडे जायचा. त्या गाठीत कसलं ना कसलं बी असायचंच. पेठ वडगावजवळच्या त्या गावात मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "दारात काय लावलंय?" मी म्हटलं, "काही नाही, भाड्याची खोली आहे." त्या म्हणाल्या, "खोली भाड्याची असंल. मातीला काय त्याचं?" संध्याकाळी मी खोलीवर पोचले तर दाराशी ओली माती होती आणि तिच्यात एक रोप उभं होतं. गावात माझी पहिली ओळख त्या रोपाशी झाली असं म्हटलं तरी चालेल.

बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. बुटक्या, गोल, कपाळावर विभूतीची आडवी बोटं आणि त्याखाली ठसठशीत कुंकू. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडे, सीमेला लागून. त्यामुळे तिकडच्या बायका बोलतात तशा त्या "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या, आणि वर्गात मात्र व्याकरण शिकवताना पट्टी आपटायच्या. आमच्याशी मराठीत बोलायच्या, झाडांशी कानडीत. मी एकदा चिडवलं, "बाई, झाडांना मराठी येत नाही का?" तर म्हणाल्या, "माझी अव्वा, आई, मला कानडीत वाढवली. मग मी ह्यांना दुसऱ्या भाषेत कसं वाढवू?"

दुपारच्या जेवणानंतरचा तास त्यांचा असायचा. चौथीच्या वर्गाला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि त्यांतून समोरचा माळ दिसायचा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर तपकिरी, वाळल्या गवताचा. बाई धडा वाचता वाचता मधेच थांबायच्या आणि त्या माळाकडे बघत राहायच्या. मग हळू आवाजात म्हणायच्या, "सगळा माळ फुललाय असं मनात आणा बघू." पोटभर जेवलेली, पेंगुळलेली ती चाळीस पोरं मान वळवून बघू लागायची. शेजारच्या वर्गातून मी पाणी प्यायला बाहेर आले की मीही व्हरांड्यात थांबून बघायचे. आता सांगायला लाज वाटते, पण त्या सुस्त उन्हात मला तो माळ खरोखर पिवळा दिसायला लागायचा. बाईंचं स्वप्न असं पसरायचं, कुणाला विचारत नसे.

पिवळाच का, याचं कारण होतं. एकदा त्या कसल्याशा प्रशिक्षणाला कोल्हापूरला गेल्या होत्या. ताराबाई पार्कात एका बंगल्याच्या कुंपणावर त्यांनी ते झाड पाहिलं. पुरुषभर उंचीचं, हिरवंगार, आणि घंटेसारख्या पिवळ्या फुलांचे घोस लटकलेले, तेही ऐन मार्चमध्ये. माळ्याला त्यांनी नाव विचारलं. तो म्हणाला, टेकोमा, बाहेरदेशातनं आलंय, पाणी नाही घातलं तरी जगतं. त्याने दिलेल्या वाळक्या शेंगा पदरात बांधून बाई एस.टी.ने परत आल्या. गाठ उघडून मला दाखवताना त्यांचा चेहरा असा होता की जणू कुणाचं बाळ झोळीत घालून आणलंय. कागदासारख्या पातळ, पंखवाल्या बिया होत्या त्या. पाणी नाही घातलं तरी जगतं, एवढं एकच वाक्य त्या दिवसभर घोळवत होत्या. आमच्या माळाला पाणी घालणार कोण, हा प्रश्न सुटला होता.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. आमच्याकडे वाण म्हणून वाटी, चाळणी, प्लॅस्टिकचा डबा, फार तर स्टीलची ताटली. बाईंनी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवलेली रोपं दिली. बायका आधी तोंड लपवून हसल्या. पण पुढच्या वर्षी ज्यांच्या दारात पहिला घोस आला त्यांचा तोरा बघण्यासारखा होता. मग दरवर्षी तेच. सात-आठ संक्रांती तरी बाईंनी तेच वाण दिलं. गावात दार असं राहिलं नाही की जिथे ते झाड नाही. टेकोमा हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गाव म्हणायचं, बाईंचं झाड.

त्यातली एक संक्रांत मला लख्ख आठवते. माळाच्या कडेला शेवटचं घर हौसाबाईचं. दोन म्हशी, एक लहान मुलगी. नवरा ऊसतोडीच्या ट्रॉलीखाली सापडून गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. बाई स्वतः तिच्या घरी गेल्या आणि तिला हाताला धरून हळदीकुंकवाला घेऊन आल्या. खोलीत कुजबुज झाली. दोघी तर पदर सावरून उठून गेल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. हौसाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत रोप घातलं आणि म्हणाल्या, "दारात लाव. म्हशी बांधतीस त्याच्या अंगाला नको, पायाखाली येईल." बस, एवढंच. हौसाबाई खाली मान घालून रोपाकडे बघत राहिली. मी त्या दिवशी ठरवलं की या बाईंच्या विरोधात आपण आयुष्यात कधी उभं राहायचं नाही.

आणि माळ खरंच पिवळा झाला. आधी ओढ्याच्या काठाने, मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी, मग वर टेकाडापर्यंत. मार्च-एप्रिलात वारा सुटला की शेंगा तडकायच्या आणि बिया वर्गात यायच्या, पंख्याखाली तरंगत, फळ्यासमोरून, पोरांच्या डोक्यांवरून. पोरं उड्या मारून पकडायची. बाई रागवायच्या नाहीत. खुर्चीत रेलून, हात मांडीत ठेवून बघत बसायच्या. "उडू देत. जागा लई हाय." तो सगळा काळ मला आता एकाच लांबलचक दुपारसारखा आठवतो, आणि त्या दुपारी आम्ही कुणीच काही चुकीचं करत नव्हतो.

बाई निवृत्त झाल्या. कोल्हापूर, हातकणंगल्याहून लग्न ठरलेली मुलं-मुली फोटो काढायला माळावर येऊ लागली. बाई घराच्या कट्ट्यावरून त्यांना हात करायच्या, पाणी विचारायच्या, आणि "मी लावलो हे" एवढं सांगायला विसरायच्या नाहीत.

हौसाबाईच्या म्हशी मात्र विकत आणलेल्या वैरणीवर आल्या होत्या. ते आमच्या लक्षात यायला एक धनगर यावा लागला.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. बाई आणि मी माळावर फिरायला गेलो होतो. पायवाटेवर मेंढरं थांबली होती आणि म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून उभा होता. बाईंनी विचारलं, "का थांबलाय, पावणं? वर जाऊ द्या की जितराबं."

"वर काय हाय, अक्का? दरसाली आम्ही हितं चार दिस बसायचो. पवना, मारवेल असलं गवत असायचं, मेंढरं वर बघायची न्हाईत. आता हे पिवळं. ह्याला तोंड लावत न्हाईत, आन ह्याच्या बुडात गवत येत न्हाय."

बाई म्हणाल्या, "फुलं तर चांगली हायत."

"फुलं काय मेंढरं डोक्यात माळत्यात? गावात इचारलं तर म्हणत्यात बाईचं झाड. कुठली बाई हाय तिला एकदा बघायची हाय मला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. मी बाईंचा हात दाबला, चला म्हणून. त्या हलल्या नाहीत.

"बघा की मग," त्या म्हणाल्या. "मीच ती."

धनगर ओशाळला. "राहू द्या, अक्का, तुम्हाला काय ठावं," असं काहीबाही म्हणत त्याने मेंढरं वळवली आणि खालच्या रस्त्याने नेली. बाई खाली बसल्या. एका झाडाच्या बुंध्याशी त्यांनी हाताने पाचोळा बाजूला केला. खाली गवताची काडी नव्हती. मग दुसऱ्या झाडाखाली पाहिलं, मग तिसऱ्या. अंधार पडेपर्यंत त्या असंच एकेका झाडाखाली हात फिरवत होत्या आणि मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागे मागे चालत होते. घरी पोचल्यावर एकच वाक्य बोलल्या. "माझ्या हाताचं एक बी झाड हितं राहायला नको."

दुसऱ्या दिवसापासून कुदळ. साठी उलटलेली बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळून, सकाळी सहाला माळावर. आधी त्यांनी झाडं तोडली. महिन्याभरात एकेका खोडाला दहा-दहा फुटवे आले. बाई त्या फुटव्यांकडे बघून हसल्या. "माझंच शिकलंय. न्हाय म्हटलेलं ऐकायचं न्हाय." मग त्यांना उमगलं की जमीन मऊ असताना मुळासकट ओढलं तरच मरतं. पावसाळ्यात छत्री न घेता चिखलात बसून त्या रोपं उपटायच्या. शाळेतले आम्ही काही जण रविवारी जायचो, मीही जायचे, आणि खरं सांगायचं तर तासाभरात कंटाळायचे. बाई उपटताना प्रत्येक रोपाशी कानडीत काहीतरी बोलायच्या. त्यांची समजूत घालत होत्या की माफी मागत होत्या, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पण माळ साफ करून उपयोग नव्हता. बी गावातून येत होतं, दारादारातून. म्हणून त्या संक्रांतीला बाईंनी पुन्हा सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. तिळगूळ दिला, अत्तर लावलं. बायका वाणाची वाट बघत बसल्या.

"यंदा मी वाण देणार न्हाय," बाई म्हणाल्या. "मागणार हाय. मी दिलेली झाडं मला परत द्या."

कुणी साधी भांडी मागितली असती तर बायकांनी हसत आणून दिली असती. पण हळदीकुंकवाचं वाण परत मागायचं? असं कुणी केलेलं ऐकिवात नव्हतं. एक सून धिटाईने म्हणाली, "बाई, सवाष्णीच्या वटीत घातलेलं परत घेत्यात व्हय? आमच्या कुंकवाचं हाय ते." दुसरी म्हणाली, "माझ्या सासूनं जाताना सांगितलंय, बाईचं झाड जप." बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुंकू तुमच्या कपाळावर हाय, माझ्या झाडावर न्हाय. पाप माझ्या झाडावर हाय. ते तेवढं मला घेऊन जाऊ द्या."

त्यानंतर दीड-दोन वर्षं त्या दारोदार फिरल्या. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात अडुळशाचं नाहीतर कोरांटीचं रोप. ही झाडं इथलीच, कुठे पळत नाहीत, असं समजावायच्या. काहींनी लगेच दिलं, काहींनी तोंडावर दार लावलं. एका घरी तर अमंगळ बाई म्हणून पायरीवर पाणी टाकलं, ते त्यांच्या पायावर आलं. माझ्या दारातलं झाड मी लांबवत होते. आता घर माझं होतं आणि त्या झाडाखाली बसून चहा प्यायची मला सवय होती. एके सकाळी मी चहाचं आधण ठेवलं तर बाहेर ठकठक. बाई खणत होत्या. "तुझा चहा होईस्तोवर आवरतंय," म्हणाल्या. चहा दोघींनी त्या खड्ड्याशेजारी बसून घेतला. मी थोडी रडले. त्या मला बशी भरून देत राहिल्या.

हळूहळू गावातलं पिवळं कमी झालं. माळावर आधी ओढ्याच्या बाजूने एक पट्टा मोकळा झाला आणि तिथे पावसानंतर मारवेल उगवलं. बाई मला बोलवायला धावत आल्या, अक्षरशः धावत. आम्ही दोघी त्या गवताशेजारी जाऊन बसलो. वारा आला की ते सगळं एका दिशेला झुकायचं. "बघ," त्या म्हणाल्या, "हे मी लावलो न्हाय." इतक्या समाधानात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गावात शेवटी एकच झाड उरलं. हौसाबाईचं.

बाई तिच्याकडे सगळ्यात शेवटी गेल्या, मला बरोबर घेऊन. हौसाबाई आता पन्नाशीला आलेली, मुलगी लग्न होऊन उचगावला. तिने बाईंना घोंगडी टाकून बसवलं, ताक दिलं. कुदळ पाहिली आणि कशासाठी आलात हेही विचारलं नाही.

"बाई, तुम्ही म्हशी मागा, देतो. घर मागा, देतो. हे न्हाय देणार." मग म्हणाली, "मालकांच्या मागं मला कुणी वाण दिलं न्हाय. तुमच्या आधी न्हाय, तुमच्या नंतर न्हाय. ही एकच गोष्ट माझ्या वटीत आली."

बाईंनी ताक संपवलं. उठून झाडाजवळ गेल्या. ते दारावर कमान करून उभं होतं, घोसांनी लगडलेलं, आणि खाली ओसरीवर फुलांचा सडा. बाईंनी बुंध्यावर हात ठेवला, बराच वेळ. मी मनात म्हटलं, आता कुदळ उचलतील. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, "राहू दे तुझं. पण शेंग एक बी वाळू द्यायची न्हाय. हिरवी असताना खुडायची. मी येतो दर सोमवारी."

त्या दर सोमवारी गेल्या. खुडलेल्या शेंगा सुपात घेऊन दोघी ओसरीवर मोडत बसायच्या, चवळीच्या शेंगा मोडाव्या तशा, आणि मग चुलीत घालायच्या. आपली शपथ आपणच मोडल्याचं बाईंना लागत होतं, हे मला माहीत होतं. माझ्या हाताचं एक बी झाड राहायला नको, असं म्हणणाऱ्या बाईंनी एक ठेवलं होतं. मी विषय काढला की म्हणायच्या, "त्या झाडाला मी लावलो न्हाय. हौसानं लावलं."

यंदा दिवाळीनंतर बाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, पण उभं राहणं काही जमेना. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना एकच घोर. सोमवार आला की सुनेला हाक मारायच्या, माळाकडे वारा सुटलाय का बघ म्हणून. मला म्हणाल्या, "हौसा एकटी. वरच्या फांदीला तिचा हात पोचत न्हाय. एक शेंग राहिली तर परत सगळा माळ जाईल. तू जाऊन ये."

मी गेले. हौसाबाईचं घर लांबूनच वेगळं दिसायला लागलं, आणि का ते मला आधी कळेना. जवळ गेल्यावर कळलं. दारावर कमान नव्हती. होता तो एक गुडघाभर खोल खड्डा, आणि कडेला मुळासकट उपटून टाकलेलं खोड, सुकायला ठेवलेलं. हौसाबाई म्हशींना गवत टाकत होती. माळावरचं गवत होतं ते.

"बाई पडल्या ते मनाला लागलं. परवाच काढलं," ती म्हणाली. "दोन दिस लागले. त्यांचं एवढं वय, आन मी त्यांना दर सोमवारी ह्या झाडासाठी चालायला लावत होतो. माझ्या एका वाणापायी." मग तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "त्यांना सांगू नका, मास्तरीणबाई. मला ठेवायला दिलं ह्याचं त्यांना बरं वाटतंय. तेवढं राहू द्या."

मी म्हटलं, "अहो, पण त्या शेंगा मागणार. मला दाखव म्हणणार."

"मग दाखवू की. माळावर अजून टेकाडाच्या पाठीमागं हायत थोडी, बाईंच्या नजरंतनं सुटलेली. तितनं आणतो."

त्यानंतरच्या सोमवारी मी शाळा सुटल्यावर बाईंकडे गेले. दार उघडंच होतं. उतरत्या उन्हाची एक तिरीप खाटेवर पडली होती आणि खोलीत कसलाही आवाज नव्हता, फक्त शेंगा मोडल्याचा बारीक कट्कट् आवाज. हौसाबाई खाटेला टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर सूप. बाई एका कुशीवर होत्या, त्यांचा हात खाली सुपात. डोळे मिटलेले, पण बोटं शेंग चाचपायची, मधोमध मोडायची, पुढची घ्यायची.

"लई धरलंय की ह्या वर्षी," बाई म्हणाल्या.

"व्हय की."

"दारात फुलं हायत?"

"हायत. सकाळी झाडून घेतलं तर परत सडा."

बाई हसल्या. "सगळ्यांचं काढून घेतलो मी, हौसा. तुझं तेवढं न्हाय काढवलं. चुकलंच ते. पण तुझ्या दारात एक हाय म्हणून मला झोप लागती बघ."

हौसाबाईने मान खाली घातली. तिच्या दोन्ही तळव्यांवर कुदळीचे फोड फुटून कातडी सुटली होती, आणि शेंगांचा चीक त्यांना झोंबत असणार. ती तरी हात थांबवत नव्हती. मी चपला दाराशी काढल्या, तिच्याशेजारी जाऊन बसले, आणि सूप थोडं माझ्याकडे ओढून घेतलं.